माहीत नाही म्हणणारा गुरू

ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही त्याने दुसऱ्याला वाट दाखवावी का, हा प्रश्न आपल्याकडे उपनिषदांइतका जुना आहे. आज तो कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये येऊन उभा राहिला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाली, तेव्हा फील्ड प्रोजेक्टसारखी कामे श्रेयांकांसह विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करणाऱ्यांसाठी संशोधन प्रकल्प आला. त्याआधीही २००६ पासून ‘आविष्कार’ स्पर्धेच्या निमित्ताने विद्यार्थी संशोधनाकडे वळत होतेच. भाईंदर पश्चिमेहून रोज लोकलने बोरिवली, अंधेरी, विलेपार्ले किंवा वसईच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींना सुचणारे विषय पाहिले, तर ते विभागांच्या भिंती मानत नाहीत. यूपीआय आल्यावर भाईंदरजवळच्या उत्तनच्या मासळीच्या धंद्यातली उधारी कमी झाली का? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची पद्धत न्याय्य आहे का? असल्या प्रश्नांत अर्धे काम संगणकशास्त्राचे असते आणि अर्धे अर्थशास्त्राचे. ज्यांच्याकडे विद्यार्थी गाईड म्हणून जातात त्या शिक्षकांचा अभ्यास मात्र बहुधा या दोहोंपैकी एकातला असतो. अशा शिक्षकाने काय करावे, आणि त्याला गुरू म्हणण्याचा अधिकार कशाने मिळतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अकरावीच्या प्रवेशाचे उदाहरण जवळून पाहू. मुंबई महानगर प्रदेशात २००९ पासून हे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. विद्यार्थ्याने जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. त्या दिवसांत एक समजूत हमखास ऐकू येते: वर मोठ्या कॉलेजचे नाव टाकले आणि ते हुकले, तर खालचेही हातचे जाते, म्हणून ‘सेफ’ नाव वर टाकावे. समजा, एखादी विद्यार्थिनी ही समजूत तपासण्याचाच प्रकल्प घेते. प्रोग्राम लिहून जागावाटपाची नक्कल करणे तिला जमेल. पण प्रोग्राम बिनचूक चालला म्हणून समजुतीचा निकाल लागत नाही. तो वाटपाच्या नियमात दडलेला असतो. जागा गुणांच्या क्रमाने भरल्या जात असतील, तर वरचे कॉलेज हुकलेल्या मुलाचा दुसऱ्या कॉलेजवरचा हक्क त्याच्या गुणांनीच ठरतो. ते नाव त्याने पहिले लिहिले की दुसरे, याने काही बिघडत नाही. उलट भीतीपोटी सेफ नाव वर टाकणारा मुलगा पहिल्या पसंतीच्या सक्तीमुळे तिथेच अडकतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मात्र शाळाप्रवेशाचा नियम वेगळा होता. तिथे प्रत्येक शाळा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्यांना घेई, त्यामुळे हीच समजूत तिथे खरी ठरे. पालकांना खरी आवड लपवावी लागे म्हणून २००५ मध्ये त्या शहराने ती पद्धत सोडली आणि डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रीतीवर बेतलेली पद्धत घेतली. शिवाय आपल्याकडे नावांची मर्यादा दहाची असल्यामुळे यादीत कुठेतरी खात्रीचे एखादे नाव ठेवावेच लागते; म्हणजे समजुतीत थोडे तथ्यही उरते. साधा वाटलेला प्रश्न इतका खोल जातो.

संगणकशास्त्राचा शिक्षक या विद्यार्थिनीचा प्रोग्राम वाचेल, त्याचा वेग सुधारेल, चुका काढेल. पण नियम बदलला की माणसे अर्ज भरण्याची रीतही बदलतात, हा विचार त्याच्या शिक्षणात आलेलाच नसेल. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला माणसांचे हे वागणे नेमके कळेल. पण समान गुणांच्या दोन मुलांत आधी कोणाला घ्यायचे हे प्रोग्रामच्या एका ओळीने ठरते आणि त्या ओळीने निकाल फिरू शकतो, हे त्याला दिसणार नाही. अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे आपल्याला येते तेवढाच भाग प्रकल्पात ठेवून उरलेला छाटून टाकणे. दुसरा म्हणजे न कळलेल्या भागावर कळल्यासारखी मान डोलावणे. पहिल्याने प्रश्न मरतो, दुसऱ्याने विद्यार्थी फसतो. माझे म्हणणे असे आहे की दोन शास्त्रांच्या सीमेवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने देण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे स्वतःच्या अज्ञानाची स्पष्ट कबुली. दुसरी, ते अज्ञान दूर करण्यासाठी विद्यार्थ्याबरोबर स्वतः विद्यार्थी होणे. या दोन गोष्टींनी गुरुत्व कमी होत नाही. खरे गुरुत्व याच कसोटीला लागते.

आपल्या परंपरेत याला भक्कम आधार आहे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. त्यांतला भार्गव हा वैदर्भी, विदर्भाचा. पिप्पलाद त्यांना म्हणतात, आणखी एक वर्ष इथे तपाने आणि श्रद्धेने राहा, मग हवे ते विचारा. आम्हाला ठाऊक असेल तर सगळे सांगू. ‘ठाऊक असेल तर’ ही अट गुरूने, आणि तीही प्रश्न ऐकण्याआधीच, स्वतःवर घालून घेतली आहे. सहावा जिज्ञासू सुकेशा भारद्वाज याची हकीगत याहूनही बोलकी आहे. कोसल देशाचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे आला होता आणि सोळा कलांच्या पुरुषाविषयी त्याने विचारले होते. सुकेशाने सरळ सांगितले की मला हे माहीत नाही, माहीत असते तर का सांगितले नसते? जो खोटे बोलतो तो मुळापासून सुकतो, म्हणून मी खोटे बोलणार नाही. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. सुकेशा तो प्रश्न उराशी धरून पुढे पिप्पलादांकडे आला. म्हणजे कोणी तरी न कळल्याची कबुली दिली, म्हणूनच तो प्रश्न जिवंत राहून योग्य ठिकाणी पोहोचला. खोट्या उत्तराने तो तिथेच संपला असता.

न्यायदर्शनाने हीच गोष्ट तर्काच्या भाषेत सांगितली. गौतमांच्या न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांमध्ये संशय हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. भाष्यकार वात्स्यायन सांगतात की तर्काची प्रक्रिया अजिबात न कळलेल्या गोष्टीवर चालत नाही आणि पूर्ण निश्चित झालेल्या गोष्टीवरही चालत नाही. ती चालते संशयित गोष्टीवर. संशोधनाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. गाईडला सगळे निश्चित ठाऊक असेल तर विद्यार्थिनी करते ती उजळणी होते. दोघांनाही काहीच सुचत नसेल तर शोध सुरूच होत नाही. दोघांच्या मध्ये एक नीट मांडलेला संशय असावा लागतो. न्यायसूत्रे पुढे असेही सांगतात की तत्त्वनिर्णयासाठी चर्चा शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि असूया नसलेले श्रेयार्थी यांच्याबरोबर करावी. या यादीत शिष्यही आहे. शिष्याशी केलेला वाद हा गुरूच्या ज्ञानाचाही मार्ग मानला गेला आहे. जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि नुसते खोडून काढण्यासाठी केलेली वितंडा यांहून हा वाद वेगळा, कारण त्यात दोघांनाही सत्य हवे असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो कठोपनिषद आणि मुंडकोपनिषद यांच्याच आधाराने. स्वतःला शहाणे समजणारे अज्ञानी लोक आंधळ्याने नेलेल्या आंधळ्यांसारखे भटकतात, असे ती उपनिषदे बजावतात. मुंडकाने गुरूची लक्षणेही दिली आहेत: तो श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र नीट शिकलेला हवा, आणि ब्रह्मनिष्ठ हवा. मग न जाणणाऱ्याला गुरू कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याने माझे म्हणणे अधिक नेमके होते. उपनिषदाने निंदा केली आहे ती अज्ञानी असूनही स्वतःला धीर आणि पंडित मानणाऱ्यांची. दोष आंधळेपणाचा असला तरी अनर्थ होतो तो डोळस असल्याच्या दाव्याने. आणि श्रोत्रिय असण्याची अट मी सोडत नाही. मार्गदर्शकाने किमान एक शास्त्र मुळापासून शिकलेले असावे. ज्याने एका शास्त्रात पुरावा कशाला म्हणतात, चूक कशी पकडतात, किती वर्षांनी एखादी कल्पना अंगवळणी पडते हे अनुभवले आहे, त्यालाच दुसऱ्या शास्त्रात आपण कुठे चाचपडतो आहोत हे ओळखता येते. कशातच खोल न गेलेल्या माणसाचे ‘माहीत नाही’ विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण नेमके काय माहीत नाही हे त्याला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: एक गाईड संगणकशास्त्राचा, एक अर्थशास्त्राचा, असे दोघे नेमले की प्रश्न मिटला. दोघे असणे चांगलेच. पण कामाची निम्मी-निम्मी वाटणी झाली की सांध्याकडे कोणी पाहत नाही आणि मोठ्या चुका सांध्यातच होतात. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेत लाखो रुग्णांमधून जादा देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरवण्यासाठी एक संगणकीय पद्धत वापरली जात होती. तिचे गणित चुकत नव्हते. पुढे कोणावर किती खर्च होईल याचा अंदाज ती बरा बांधत होती. पण खर्च म्हणजेच आजाराची गरज, असे त्यात गृहीत धरले होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आला होता, म्हणून गोऱ्या रुग्णाइतकेच गुण मिळालेला कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात अधिक आजारी असे. ही तफावत काढली तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. संगणकाच्या बाजूने पाहणाऱ्याला अंदाज अचूक दिसला. खर्च आणि गरज एक नव्हेत, हे अर्थशास्त्राला ठाऊक होते. ‘आपण नेमके कशाचा अंदाज बांधतो आहोत?’ एवढा प्रश्न दोहोंच्या मध्ये उभे राहून विचारायचा होता.

हा धडा महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दारिद्र्याची रेषा दिवसाला २२५० कॅलरींच्या आहाराला जोडली होती. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पुढे हरकत घेतली की माणसाची गरज ही स्थिर संख्या नाही, एकाच माणसात ती दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. दांडेकरांनी त्याला कसून उत्तर दिले. दोघेही संख्या आणि समाज दोन्ही जाणणारे, दोघेही पुण्यात काम करणारे, आणि तरीही ‘गरीब कोण’ यावर त्यांचे एकमत झाले नाही. आज एखादा विद्यार्थी इंटरनेटवरून आकड्यांची फाइल उतरवून घेतो, तेव्हा तिच्या एका रकान्यात गरीब म्हणजे एक आणि गरीब नाही म्हणजे शून्य, असे मुकाट लिहिलेले असते. त्या एक आणि शून्याच्या मागे केवढा वाद आहे, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. जो स्वतः दुसऱ्या शास्त्राच्या दारात नवखा म्हणून उभा राहिला आहे, तोच हा बाळबोध वाटणारा प्रश्न न लाजता विचारतो.

मात्र ‘माहीत नाही’ म्हणून थांबणे हे अर्धेच कर्तव्य. छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत श्वेतकेतूची गोष्ट आहे. पांचालांच्या सभेत राजा प्रवाहण जैवलीने त्याला पाच प्रश्न विचारले. एकाचेही उत्तर आले नाही. दुखावलेला मुलगा बापाला म्हणाला, तुम्ही तर सगळे शिकवले म्हणाला होतात! वडील उद्दालक म्हणाले, मला ठाऊक होते तेवढे सगळे मी तुला दिले, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. आणि मग त्या वृद्ध, मानी आचार्यांनी केले काय, तर ते राजाकडे शिष्य म्हणून राहायला गेले. बृहदारण्यकात ते मुलालाही बरोबर चल म्हणतात; मुलगा नकार देतो. सभेत पाणउतारा झाला होता तो मुलाचा, पण शिकायला गेला बाप. मार्गदर्शकाच्या धर्माचे याहून नेमके चित्र मला आठवत नाही. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने विद्यार्थिनीच्या शेजारी बसून प्रोग्रामची एकेक ओळ समजून घेणे, किंवा संगणकशास्त्राच्या शिक्षकाने सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसणे, हे उद्दालकाच्याच वाटेवरचे पाऊल आहे.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. गुरूने अज्ञान कबूल केले तर शिष्याची निष्ठा डळमळेल, आणि आपल्याकडे गुरू एकच असावा असे मानतात. इथे संत एकनाथांकडे पाहावे. आपल्या अभंगांत गुरू जनार्दनस्वामींचे नाव स्वतःच्या नावाला कायमचे जोडणाऱ्या एकनाथांनीच भागवताच्या अकराव्या स्कंधावर विस्ताराने टीका लिहिली. ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. त्याच स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, समुद्र, मधमाशी, मासा, पिंगला वेश्या, बाण करणारा कारागीर. एकाच गुरूकडून मिळालेले ज्ञान पुरेसे दृढ आणि पुष्कळ होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. निष्ठा आणि अनेकांकडून शिकणे यांत नाथांना विरोध दिसला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्ध, कबीर आणि फुले असे तीन गुरू मानले. त्यांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथाला लंडनच्या एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपण विद्यार्थ्याच्या काही मतांशी सहमत नसल्याचे सांगून त्याच्या विचारातल्या ताजेपणाची दाद दिली. मतभेद छापून दाखवल्याने शिक्षक लहान झाला नाही आणि विद्यार्थीही परका झाला नाही.

उत्तनच्या मासळीच्या उदाहरणात अवधूताच्या चोवीस गुरूंसारखा गुरू प्रत्यक्ष भेटतो. केरळमध्ये मोबाइल फोन आल्यावर बाजारांतल्या मासळीच्या भावांतली तफावत घटली आणि वाया जाणारी मासळी वाचली, हे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवले. तो निबंध वाचून भावाचा अंदाज देणारे अॅप उत्तनसाठी करावे असे विद्यार्थ्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण केरळातला अभ्यास ताज्या तारलीचा होता, ती त्याच दिवशी विकली नाही तर फेकावी लागे. उत्तनला बोंबील बांबूंवर वाळत घालतात; सुका बोंबील घरात ठेवता येतो, भावाची वाट पाहता येते. मग भावाच्या माहितीची किंमतच बदलते. हे गाईडला पुस्तकातून कळणार नाही आणि प्रोग्रामलाही कळणार नाही. ते बोंबील वाळवून विकणाऱ्या कोळणीला ठाऊक आहे. तिच्यापुढे शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी सारखेच शिष्य म्हणून बसायचे असते.

कोणी म्हणेल, आत्मविद्येची उदाहरणे पदवीच्या प्रकल्पाला लावणे हा विषयांतराचा प्रकार आहे. फरक मी मान्य करतो: आत्मविद्येत गुरू पोहोचलेला असतो असे मानले जाते, संशोधनात कोणीच पोहोचलेले नसते. पण या फरकाने माझी बाजू बळकटच होते. जिथे गुरूला अनुभव आहे असे मानतात तिथेही पिप्पलाद ‘ठाऊक असेल तर’ म्हणतात. जिथे कोणालाच अंतिम उत्तर मिळालेले नाही तिथे ही अट दुप्पट लागू होते. खोटे बोलणारा मुळापासून सुकतो, हा नियम विद्या आत्म्याची की व्यवहाराची हे पाहत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. एकेका शिक्षकाकडे ढीगभर प्रकल्प, वेळ तुटपुंजा, विद्यार्थ्याला गुण हवेत, कॉलेजला अहवाल हवा. इथे एवढी चैन कोणाला परवडते? ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण दुसरी बाजूही पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यासंबंधीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे कारवाई होते. यंत्राने शब्दांचे साम्य मोजता येते. विद्यार्थिनीला काय कळले ते मोजता येत नाही. आता तर विचारताक्षणी उत्तर देणारी यंत्रे प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत, आणि ती चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतात. अशा काळात ठाम उत्तर ही सगळ्यांत स्वस्त वस्तू झाली आहे. आपल्याला कुठवर कळले आणि कुठून पुढे कळत नाही हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस दुर्मीळ होत चालला आहे. वेळ कमी असेल तर प्रकल्प कमी करावेत, विषय लहान घ्यावेत. पण ही एक गोष्ट वगळू नये, कारण ती वगळली तर उरलेले काम यंत्र करू शकते.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. दोन विभागांच्या सीमेवरच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात एक पान असे असावे, ज्यावर काम सुरू होताना मार्गदर्शकाला काय माहीत नव्हते, ते कोणाकडून शिकले, आणि शेवटी काय कळायचे राहिले, हे विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांनी सहीनिशी लिहावे. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या पानावर विचारावा आणि त्याला गुण ठेवावेत. याला पैसा लागत नाही, नवा विभाग लागत नाही, शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही. लागते ते एवढेच, की शिक्षकाने विद्यार्थ्यासमोर ‘मला हे माहीत नाही, आपण शिकू’ असे म्हणण्यात आपला अधिकार मानावा. ज्या विद्यार्थिनीने आपल्या शिक्षकाला हे वाक्य म्हणताना आणि मग खरोखर शिकताना पाहिले, ती पुढे बँकेत, सरकारी कार्यालयात किंवा संगणक कंपनीत इतरांच्या आयुष्यावर परिणाम करणारे आकडे हाताळताना न कळलेल्या कागदावर सही करणार नाही.